खाडीचं घड्याळ चंद्राच्या हाती

बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वहीवर सह्या झाल्या की गप्पा सुरू होतात आणि गप्पांतून प्रश्न निघतात. नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, करावे अशी खाडीकाठची गावं आहेत. त्यामुळे आमच्याकडे येणारे बरेच प्रश्न खाडीचेच असतात. भरती रोज वेगळ्या वेळेला का येते? दिवसातून दोनदा का येते? पाऊस थांबला तरी गल्लीतलं पाणी का उतरत नाही? आज या तीन प्रश्नांबद्दल बोलू.

आधी पहिला प्रश्न. भरती येते ती मुख्यतः चंद्राच्या ओढीने, हे आपण शाळेत शिकलो. मग वेळ का बदलते? भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. बारा वाजता दोन्ही काटे एकावर एक असतात. तासाभराने मोठा काटा फेरी मारून पुन्हा बारावर येतो, पण तोवर लहान काटा एकावर सरकलेला असतो. त्याला गाठायला मोठ्या काट्याला आणखी पाच-साडेपाच मिनिटं लागतात. पृथ्वी आणि चंद्राचं तसंच आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते, तेवढ्यात चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. त्याच्यासमोर यायला आपल्या किनाऱ्याला रोज पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. भरती तेवढीच उशिरा येते.

हा हिशेब आपल्या पंचांगातच दडलेला आहे. पौर्णिमा ते पौर्णिमा 30 तिथी. दिवसाची मिनिटं 1440. त्यांना 30 ने भागलं की येतात 48 मिनिटं. घटका 24 मिनिटांची, म्हणजे भरती रोज दोन घटका उशिरा. कोळीवाड्यातली जुनी माणसं सांगतात, ‘तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते.’ अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही, त्यांनीही हा हिशेब बोटांवर केला आणि होड्या सुखरूप आणल्या. पाऊणपटीऐवजी 48 मिनिटं धरली तर तो आणखी नेमका होतो. बारा वाजल्यापासून मोजायचं. प्रतिपदेला 12 वाजून 48 मिनिटं, पंचमीला 4, दशमीला 8, आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला पुन्हा बारा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी तीच. हा आकडा मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा पोहोचतं आणि दुसऱ्या बंदरात वेळ वेगळी असते.

आता दुसरा प्रश्न. चंद्र एक, मग भरती दोनदा कशी? चंद्राची ओढ जवळच्या वस्तूवर जास्त, लांबच्या वस्तूवर कमी असते. चंद्राच्या बाजूचं पाणी सगळ्यात जोरात ओढलं जातं, पृथ्वी त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूचं पाणी सगळ्यात कमी. म्हणून अलीकडे पाणी फुगतं, आणि पलीकडचं पाणी मागे राहिल्यामुळे तिथेही फुगतं. पृथ्वी फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो. मग विहिरीला भरती का येत नाही, असंही विचारलं जातं. ओढीतला हा फरक अगदी बारीक असतो. शेकडो कोस पसरलेल्या समुद्रात तो साठत जाऊन दिसतो, हंड्यात किंवा विहिरीत दिसत नाही.

सूर्याचीही ओढ असते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येतं. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ आडवी पडते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात.

हे सगळं कळून उपयोग काय? ज्या बाया चिखलात खुबे, कालवं, निवट्या काढायला उतरतात, त्यांचा तर जीवच या वेळेवर असतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. पौर्णिमेला ती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पाणी उतरत असताना आत जायचं आणि ओहोटी पूर्ण झाली की परत फिरायचं, कारण पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात अगदी थोडं चढतं, म्हणून वाटतं की अजून वेळ आहे. पण तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन तासांतच जवळजवळ निम्मं पाणी भरतं. पाय चिखलात रुतलेले आणि डोक्यावर टोपली, अशा वेळी पळता येत नाही.

तिसरा प्रश्न पावसाळ्याचा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे आणि काही ठिकाणी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी त्यांची झडप बंद होते, म्हणजे खाडीचं पाणी आत येत नाही. पण पावसाचं पाणीही बाहेर जात नाही. ते तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, किंवा तलाव गाळाने भरलेला असला, तर पाणी गल्लीत थांबतं.

26 जुलै 2005 आठवून पाहा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याआधी 21 जुलैला गुरुपौर्णिमा झाली होती. पाच दिवस गुणिले 48, म्हणजे 240 मिनिटं, म्हणजे दुपारचे चार. त्या दिवशी भरती खरोखरच चारच्या सुमारास होती आणि पाऊसही दुपारीच कोसळत होता. पाण्याला जायला वाट राहिली नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पावसाळ्यात दिनदर्शिकेवर अमावास्या-पौर्णिमेच्या आधी-नंतरच्या तारखांवर खूण करा. त्या दिवसांत जोराचा पाऊस लागला तर धान्य, गटाची वही, मुलांची दप्तरं उंचावर ठेवा. एक मात्र लक्षात असू द्या. तिथी लहान-मोठी होते, वाऱ्यानेही पाणी वर-खाली होतं, त्यामुळे हा हिशेब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. खाडीत उतरायचं असेल तर छापील भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच उतरा आणि एकटीने जाऊ नका.

पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करा. महिनाभर भरतीची वेळ आणि तिथी गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. हिशेब तुमच्या काठावर किती जुळतो ते पाहा आणि आम्हाला कळवा. ज्या गावाला खाडी नाही, तिथल्या बायांनी विहीर, चूल, आभाळ, जे रोज दिसतं त्यातला प्रश्न पाठवावा. पुढच्या वेळी तो घेऊ.