गोदाम भरलं म्हणजे उत्पन्न आलं का?

नायगाव तालुक्यात कुंटूरला साखर कारखाना आहे, नांदेड-लातूर पट्ट्यात असे अनेक आहेत. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि उन्हाळा तापायला लागला की पट्टा पडतो. म्हणजे 31 मार्चला, हिशेबाचं वर्ष संपतं नेमकं त्याच वेळी, कारखान्याची गोदामं साखरेच्या पोत्यांनी भरलेली असतात. ही साखर त्या वर्षाचं उत्पन्न धरायची की नाही? ऊस गाळला, साखर तयार झाली, खर्चही झाला. साध्या नजरेला उत्तर ‘हो’ असंच वाटतं. हिशेबशास्त्र मात्र ‘नाही’ म्हणतं. पोतं गोदामात असेपर्यंत तो फक्त साठा. त्याची किंमतही उत्पादनखर्च किंवा विकून हाती येईल ती निव्वळ रक्कम, यांपैकी जी कमी असेल तीच लावायची. हा नियम म्हणजे लेखापालांचा कीस काढण्याचा प्रकार नव्हे. कारखान्याच्या आकड्यांवर ज्यांचं पोट अवलंबून आहे, त्यांचं तो संरक्षण करतो.

उत्पन्न कधी धरायचं, याचे नियम आपल्याकडे नवे नाहीत. 1985 चं लेखामानक 9 विचारतं, की मालकीची जोखीम आणि लाभ खरेदीदाराकडे गेले का? मोठ्या कंपन्यांना 1 एप्रिल 2018 पासून इंड-एएस 115 हे नवं लेखामानक लागू झालं. ते विचारतं, मालावरचा ताबा कोणाकडे गेला? त्याच्या पायऱ्या पाच. करार कोणाशी झाला, त्यात काय काय द्यायचं कबूल केलं, एकूण किंमत किती, त्यातली कोणत्या कबुलीच्या वाट्याला किती, आणि ती कबुली पुरी कधी झाली. पैसा कधी आला, हा प्रश्न या पाचांत नाही. व्यापाऱ्याने निविदा भरून आगाऊ रक्कम दिली, पण साखर त्याच्या ताब्यात गेली नाही, तर ती रक्कम कारखान्याच्या डोक्यावरचं देणं आहे. उलट साखर उचलली गेली आणि पैसे यायचे राहिले, तर उत्पन्न झालं, बाकी येणे.

यावर पहिला आक्षेप असा, की साखर काही नासत नाही, तिला गिऱ्हाईक ठरलेलं, बँकही तिच्यावर मालतारण कर्ज देते; मग थांबायचं कशाला? कारण साखर खपणार हे नक्की असलं, तरी कधी आणि काय भावाने, हे नक्की नसतं. 2018 पासून केंद्र सरकार कारखान्यांना महिन्याचा विक्रीकोटा ठरवून देतं; मनात आलं म्हणून गोदाम रिकामं करता येत नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये किमान दर ठरला, तो भाव कोसळण्याच्या भीतीपोटीच. बँकेने दिलेली उचल हेही कर्जच, विक्री नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाचं बिल 14 दिवसांत द्यावं लागतं. खर्च लगेच आणि उत्पन्न नंतर, तर कारखाना विनाकारण तोट्यात दिसणार नाही का? नाही. न विकलेल्या साखरेवरचा उत्पादनखर्च साठ्याच्या किमतीत मुरतो आणि ती साखर विकली जाईल त्या वर्षीच नफा-तोटा पत्रकात येतो. हातात रोकड नसण्याची अडचण खरी आहे, पण उत्पन्न आधी लिहिल्याने ती सुटत नाही, झाकली जाते.

ऊस उत्पादकाचा यात थेट संबंध आहे. राज्याच्या 2013 च्या कायद्याने उसाचा अंतिम दर कारखान्याच्या महसुलाशी जोडला. साखर आणि प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला 75 टक्के वाटा शेतकऱ्याचा. महसूल काय भावाने आणि कोणत्या काळातला धरला, यावर एफआरपीच्या, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या रास्त आणि किफायतशीर दराच्या, वरची रक्कम ठरते.

तिसरा आक्षेप साखरेबाहेरचा. नियम फार कडक आहे, वाढत्या कंपनीला तो गरीब दाखवतो, ही तक्रार बांधकाम व्यवसायात ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे. मुंबईच्या गोदरेज प्रॉपर्टीजने 2023-24 मध्ये साडेबावीस हजार कोटींच्या आसपास बुकिंग केलं, पण व्यवसायातून दाखवलेलं उत्पन्न सुमारे तीन हजार कोटी होतं. बहुतेक घरांचा ताबा द्यायचा बाकी होता. शिवाय झालेल्या कामाचा मोबदला वसूल करण्याचा हक्क करारात असेल, तर दुसरा बिल्डर बांधकाम होईल तसतसं उत्पन्न धरू शकतो, आणि मग दोघांची तुलना अवघड होते. यावर उपाय आहे. बुकिंगचा आकडा कंपनीने वेगळा सांगावा. गोदरेज तो सांगतेच. त्याला उत्पन्न म्हणू नये, एवढंच.

शेवटचा आक्षेप सगळ्यात बोचरा: नियम असूनही सत्यमचा घोटाळा घडलाच ना? हैदराबादच्या या कंपनीने सात हजारांहून अधिक बनावट बिलं रचून उत्पन्न फुगवलं होतं, आणि 7 जानेवारी 2009 रोजी तिच्या अध्यक्षांनी स्वतःच घोटाळा कबूल केला. नियम चोराचा हात धरू शकत नाही, हे खरं. पण खोट्या उत्पन्नाचा पैसा कधी येत नाही, म्हणून ते कुठे तरी खोटी येणे बाकी किंवा खोटी बँकशिल्लक होऊन बसतं. सत्यमच्या ताळेबंदात पाच हजार कोटींहून अधिक रोकड अशीच नुसती कागदावर होती.

म्हणून वार्षिक अहवाल हातात आला की नफ्याच्या आकड्यावर थांबू नका. लेखाधोरणाच्या टिपेत उत्पन्न कधी धरलं ते वाचा, विक्रीच्या मानाने येणे बाकी जास्त वेगाने वाढते आहे का ते पाहा, आणि सभासद असाल तर वार्षिक सभेत 31 मार्चचा साठा काय भावाने धरला हे उभं राहून विचारा. तो प्रश्न विचारायला सनदी लेखापाल असावं लागत नाही.