श्रेयांकांची बेरीज म्हणजे पदवी नव्हे

महाविद्यालयात प्रवेशाचे दिवस सुरू झाले की प्रस्तुत लेखकाच्या टेबलासमोर दरवर्षी निरनिराळे प्रश्न घेऊन पालक उभे राहतात. बहुधा ते शुल्काविषयी, शिष्यवृत्तीविषयी किंवा एस. टी.च्या पासाविषयी असतात. परंतु मध्यंतरी घाटाखालच्या एका गावातून आलेल्या शेतकरी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न अद्याप मनातून गेलेला नाही. सोबत बारावी झालेली मुलगी होती. तिचा अर्ज माझ्यापुढे सरकवीत ते म्हणाले, “सर, आता एका वर्षातच सर्टिफिकेट भेटते म्हणतात. मंग पुढचे दोन वर्सं कायले?” मुलगी खाली मान घालून उभी होती. प्रश्न बापाने विचारला होता. उत्तर मात्र तिला हवे होते.

हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. पदवी मिळविण्यासाठी विद्यार्थ्याने नेमके काय पूर्ण करावयाचे आणि ते कशासाठी, हे समाजाला नीट सांगण्यात आम्ही शिक्षक कमी पडलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ आहे. सामाजिक शास्त्रांच्या, म्हणजे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांच्या, पदवीबाबत तर हा खुलासा अधिकच आवश्यक आहे. कारण आपल्या जिल्ह्यातील गरीब घरांतल्या असंख्य मुलामुलींना परवडणारी पदवी बहुधा तीच असते.

प्रथम नियम काय आहेत ते पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर केला. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली त्याला अनुसरून आपला निर्णय काढला आणि संलग्न महाविद्यालयांतून २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पदवीची नवी रचना लागू झाली. तीत ‘श्रेयांक’ हे मोजमाप आहे. व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक वा प्रत्यक्ष कामाला त्याच एका श्रेयांकासाठी ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. यांतील निम्मे तरी मुख्य विषयाचे असावेत, गौण विषयाला १८ ते २० द्यावेत आणि उरलेल्यांत अन्य विद्याशाखेतील विषय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रीय प्रकल्प, कार्यानुभव आणि समाजसंपर्क यांची वाटणी करावी, असा हा साचा आहे.

ज्यांनी जुनी बी. ए. केली त्यांना ही यादी चक्रावून टाकील. तीन ऐच्छिक विषय, एक इंग्रजी, एक मराठी वा हिंदी आणि वर्षाअखेरीस परीक्षा, असे ते सुटसुटीत दिवस होते. परंतु पदवीच्या अटी आजच प्रथम बदलत आहेत असे नव्हे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि वऱ्हाडातल्या महाविद्यालयांना ते जवळचे विद्यापीठ लाभले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने दहा, दोन व तीन वर्षांची रचना सुचविली आणि महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा होऊन ती प्रत्यक्षात आली. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले आणि बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. प्रत्येक वेळी जुने लोक हळहळले आणि नवे गोंधळले. तेव्हा बदलाला केवळ बदल म्हणून विरोध करण्यात अर्थ नाही. नव्या अटींचा हेतू आपल्या मातीत कितपत उतरतो, हे पाहणे हाच खरा मुद्दा होय.

थोडा हिशेब करू. एका सत्रात २२ श्रेयांक धरले आणि ते सर्व व्याख्यानांचे मानले, तर ३३० तास होतात. अध्यापनाचे ९० दिवस धरल्यास रोजचे तीन तास चाळीस मिनिटे पडतात. कागदावर हे ओझे मुळीच मोठे नाही. परंतु जी मुलगी सकाळी गावाहून एस. टी.ने तालुक्याला येते, जिची परतीची गाडी ठरलेली असते आणि जी सोयाबीन काढणीच्या वा कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या शेतात किंवा दुसऱ्याच्या शेतात मजुरीने राबते, तिच्या दिवसातून हे तास कसे काढावयाचे? पहिले सत्र ऐन काढणीच्या हंगामात संपते. परिणामी हजेरीपट आणि पीकपाणी यांची दरवर्षी गाठ पडते, आणि त्यात हजेरीपट हरतो. अर्थशास्त्रात आम्ही ‘संधित्याग खर्च’ शिकवितो; या मुलींना तो पुस्तकातून शिकण्याची गरज नसते.

दुसरी अडचण निवडीची आहे. विद्यार्थ्याने आपल्या आवडीने विषय निवडावेत, अर्थशास्त्राबरोबर संगीत किंवा संगणकही शिकावा, ही कल्पना सुंदर आहे. परंतु निवड ही दुकानात माल असेल तरच करता येते. ज्या तालुक्याच्या महाविद्यालयात एका विषयाला एकच प्राध्यापक, तोही पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला, तेथे अन्य विद्याशाखेतील विषय म्हणजे जो शिक्षक मोकळा असेल त्याचा विषय, असेच होते. ऑनर्सचे चौथे वर्ष संशोधनासह करावयाचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि संशोधनाला मार्गदर्शकही हवा. तो लाभावा यासाठी लोणार वा संग्रामपूरच्या विद्यार्थ्याला घर सोडून मोठ्या शहरात खोली घ्यावी लागली, तर समान संधीचे तत्त्व घरभाड्यापाशीच अडते.

आता त्या शेतकरी गृहस्थांच्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या वर्षाअखेर ४० श्रेयांक आणि त्यावर चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास वा कार्यानुभव पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर त्याच रीतीने पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळते, हे खरे आहे. मध्येच शिक्षण सुटलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पुरी करता येते, हेही खरे. मिळविलेले श्रेयांक श्रेयांक-पेढीत जमा राहतात. ज्याला आजारपणामुळे वा घरच्या आपत्तीमुळे थांबावे लागले, त्याच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. पूर्वी अशाच्या हाती ‘नापास’ किंवा ‘अनुपस्थित’ एवढीच नोंद राहत असे.

परंतु सोय ही सबब होता कामा नये. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली दाखवून दिले की, नोकरीच्या बाजारात पदवी ही केवळ ज्ञानाची नव्हे, तर उमेदवाराच्या अंगच्या गुणांचीही खूण म्हणून वाचली जाते. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या कसोटीवर एका वर्षाचे प्रमाणपत्र लावून पाहा. राज्यसेवेच्या परीक्षेला ते चालत नाही, तलाठ्याच्या भरतीला चालत नाही. जेथे पात्रता ‘पदवी’ अशी लिहिली आहे तेथे ते कोठेच चालत नाही. बाजारात त्याची खूण एकच वाचली जाईल : हा उमेदवार मध्येच थांबला. आणि मध्ये कोण थांबणार? डॉक्टरचा मुलगा नव्हे. थांबणार ती स्थळ आलेली मुलगी, आणि बापाच्या डोक्यावर कर्ज असलेला थोरला मुलगा. काल ज्याला आपण ‘गळती’ म्हणत होतो, त्याला उद्या ‘निर्गमन’ म्हटले जाईल आणि अहवालातला आकडा सुधारेल. मुलीचे आयुष्य मात्र तेथेच राहील.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. तीन वर्षांची पदवी आता अपुरी झाली, चौथे वर्ष केल्यावाचून गत्यंतर नाही, अशी धास्ती अनेक पालकांना वाटते. ती निराधार आहे. तीन वर्षांनंतर एम. ए. करावयाचे तर दोन वर्षे लागतात, चार वर्षांनंतर एकच. दोन्ही वाटांनी बेरीज पाचच येते. तेव्हा ज्याला चौथे वर्ष जमत नाही त्याने खंत करू नये. पण तिसऱ्याच्या अलीकडे मात्र थांबू नये.

मग या नव्या अटींत सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि ते सर्वांत दुर्लक्षिले गेलेले आहे. क्षेत्रीय प्रकल्प, समाजसंपर्क आणि अखेरच्या वर्षातील चार श्रेयांकांचा, म्हणजे १२० तासांचा, कार्यानुभव हे घटक आम्ही कागद भरण्याची डोकेदुखी मानतो. सत्र संपत आले की झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, केवळ नाव आणि हजेरी क्रमांक बदलावा लागतो. आपल्या हाताखालून असे प्रकल्प गेले नाहीत असे छातीठोकपणे सांगणारा प्राध्यापक विरळा; प्रस्तुत लेखकही ते सांगू शकत नाही.

वस्तुतः आपला जिल्हा हीच सामाजिक शास्त्रांची प्रयोगशाळा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात शेगाव, संग्रामपूरकडील गावांना विहिरीचे पाणी असून पिता येत नाही. एका कुटुंबाचा पिण्याच्या पाण्यावर महिन्याला किती पैसा आणि किती वेळ जातो, हे बी. ए.चे वीस विद्यार्थी एका सत्रात मोजू शकतील. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे आले त्यांतून कोणी दुसरी जमीन घेतली, कोणी घर बांधले, कोणाचे पैसे लग्नात आणि गाडीत संपले, याचा शोध म्हणजे अर्थशास्त्राचा उत्तम प्रकल्प होय. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि तिच्या भाकिताची वाट शेतकरी पाहत असतात. ते ऐकून पेरणीचा निर्णय खरोखर कितीजण बदलतात, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे. पतसंस्था, बाजार समिती, ग्रामपंचायत, पंचायत समिती ही कार्यानुभवाची ठिकाणे प्रत्येक तालुक्यात हाताशी आहेत. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे काही नवे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर आणि शेतोशेती पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. आज तो दक्षिणेतील खेड्यांच्या अर्थकारणाचा आरंभीचा अभ्यास मानला जातो. आणि समाजाकडे डोळसपणे पाहण्यासाठी मोठे शहरच लागते असेही नाही. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषसत्तेला थेट जाब विचारणाऱ्या ताराबाई शिंदे याच बुलडाण्याच्या. त्यांच्याजवळ पदवी नव्हती. होती ती फक्त पाहण्याची आणि विचारण्याची हिंमत. पदवीने विद्यार्थ्याला द्यावयाची ती हीच गोष्ट होय.

यासाठी तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात असे वाटते. पहिली, जवळच्या महाविद्यालयांनी आपापले शिक्षक आणि विषय परस्परांना खुले करावेत. चिखलीचा विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस बुलडाण्याला जाऊन शिकला तर विद्यापीठाचे काही बिघडणार नाही. दुसरी, काढणीच्या दिवसांत क्षेत्रीय कामाचे तास ठेवावेत. शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याच गावच्या मजुरीचे दर, उत्पादनखर्च आणि बाजारभाव नोंदवावेत, आणि ते कष्ट श्रेयांकांत धरले जावेत. तिसरी, पहिल्या वर्षानंतर थांबू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी एका शिक्षकाने जावे. प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी एकदा उंबरठा ओलांडणे हे फार मोठे काम नव्हे. शिक्षकांच्या रिक्त जागा पूर्णवेळ भरल्यावाचून यांतले काहीच नीट होणार नाही, हे शासनाला पुन्हा सांगावेच लागेल. पण त्या भरेपर्यंत हात बांधून बसण्याचा परवाना त्यामुळे आपल्याला मिळत नाही.

त्या गृहस्थांना मी त्या दिवशी एवढेच सांगितले : “दादा, विहीर खणताना पहिल्या परसाला ओल लागली म्हणून आपण खणणे थांबवतो काय? पाणी लागेपर्यंत खणावे लागते.” ते थोडे हसले, मुलीकडे पाहिले आणि तीन वर्षांच्या बोलीवर अर्जावर सही केली. मुलीने मान वर केली. तिची पहिली दोन सत्रे आता पार पडली आहेत. पुढची चार पार पडतील की नाही, हे एकट्या तिच्या हाती नाही. ते तिच्या गावच्या गाडीच्या वेळेवर, सोयाबीनच्या भावावर आणि आमच्यासारख्या शिक्षकांवरही अवलंबून आहे.