वैद्यकीय प्रवेशअर्ज आणि सेवाकार्याचे अपुरे तास

आपल्यातील अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथे वाढलेली त्यांची मुले आता डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहू लागली आहेत. सुट्टीत गावी आलेल्या पालकांच्या बोलण्यात मात्र एक काळजी डोकावते: 'गुण चांगले आहेत हो, पण सेवाकार्य फारसे झालेले नाही. अर्ज टिकेल का?' येथील नातेवाइकांना ह्या प्रश्नाचे नवल वाटते, कारण आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणवत्ताक्रमावर ठरतो. ख्रिस्ती अल्पसंख्याक महाविद्यालयांनाही ही परीक्षा बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

अमेरिकेतील रीत निराळी. तेथे विद्यार्थी बहुधा प्रथम चार वर्षांची पदवी घेतो, 'एमकॅट' ही परीक्षा देतो आणि बहुतांश महाविद्यालयांसाठी 'ॲमकास' ह्या सामायिक व्यवस्थेतून अर्ज करतो. दरवर्षी ५० हजारांहून अधिक उमेदवार असतात व त्यांतील निम्म्यांनाही प्रवेश मिळत नाही. अर्जात अनुभवांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येकीस ७०० अक्षरांची मर्यादा असते. त्यांपैकी तीन नोंदी सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडून त्यांवर आणखी १३२५ अक्षरे लिहिता येतात. पंधराही रकाने भरलेच पाहिजेत, हा गैरसमज आहे. आठ-दहा ठिकाणी एकेक दिवस जाऊन जमवलेल्या यादीपेक्षा एकाच वृद्धाश्रमात वा मोफत दवाखान्यात वर्षभर दर शनिवारी केलेले काम अधिक बोलके ठरते.

अनुभव खरोखरच कमी आहे, की तो ओळखता आलेला नाही, हे आधी तपासावे असे आम्हांस वाटते. रुग्णवाहिकेवरील किंवा शुश्रूषागृहातील पगारी काम हाही रुग्णांचा अनुभवच होय. पगार घेतला म्हणून त्याचे मोल घटत नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्या आजीची शुश्रूषा केली असेल, शिक्षणासाठी दुकानात नोकरी करावी लागली असेल, तर तेही लिहावे. अशा अडचणींविषयी सांगण्यासाठी अर्जात अलीकडे स्वतंत्र जागा देण्यात आली आहे. डॉक्टरांसोबत फिरून केवळ पाहणे ही मात्र सेवा नव्हे. ती वेगळी नोंद आहे.

चर्चमधील कामाचे काय? धर्मशिक्षणाचा वर्ग घेणे, सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीमार्फत गरजूंना धान्य पोहोचविणे ही कामे निःसंकोच नोंदवावीत. तरीही केवळ आपल्याच मंडळींमधील सेवा पुरेशी मानू नये. जे आपल्या भाषेचे, आपल्या धर्माचे वा ऐपतीचे नाहीत त्यांच्यामध्ये उमेदवार कसा वावरतो, हे निवड समितीला पाहावयाचे असते. मराठी-हिंदी जाणणाऱ्या मुलांना वृद्ध स्थलांतरितांमध्ये येथे मोठे काम आहे. रुग्णालयात दुभाष्या म्हणून काम करावयाचे असल्यास मात्र रीतसर प्रशिक्षण घ्यावे.

एका मोहाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. 'सुट्टीत गावी ये, मामाच्या हॉस्पिटलात टाके घालायला शिकशील' असे आमंत्रण प्रेमापोटीच दिले जाते. परंतु अमेरिकेत जे करण्याची परवानगी त्या मुलास नाही, ते येथील रुग्णाच्या अंगावर करणे अनुचित आहे आणि अर्जात ते लिहिल्यास उलट हानी होते. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने परदेशातील अशा अनुभवांबाबत मार्गदर्शक सूचनाही दिल्या आहेत. मामांच्या हॉस्पिटलात जावे, पण पाहण्यासाठी व रुग्णांशी बोलण्यासाठी.

तास फुगवून लिहू नयेत. प्रत्येक नोंदीसोबत संपर्क-व्यक्तीचे नाव द्यावे लागते आणि पडताळणी होऊ शकते. पुढे करावयाचे नियोजित तास वेगळे दाखविण्याची सोय आहे, पण अर्जाच्या आदल्या महिन्यात सुरू केलेले काम तसेच दिसते. अर्ज साधारणतः मे अखेरीपासून दाखल होतात. तोवर हाती काहीच ठोस नसेल, तर एक वर्ष थांबणे श्रेयस्कर. तेथे प्रवेश मिळविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर एखादे वर्ष तरी मध्ये घेतातच; त्यामुळे 'वर्ष वाया गेले' ही आपल्याकडील नातेवाइकांची हळहळ त्या मुलांना ऐकवू नये.