भीती आणि भीड: व्हिडिओ गेम पत्रकारितेतील नीतीचा प्रश्न

व्हिडिओ गेमविषयीच्या पत्रकारितेत दोन दोष वारंवार आढळतात. सर्वसाधारण वृत्तमाध्यमे गेमकडे बहुधा भीतीच्या नजरेने पाहतात, तर केवळ गेमला वाहिलेली माध्यमे ज्या कंपन्यांच्या उत्पादनांचे परीक्षण करतात त्यांच्याच जाहिरातींवर पोसली जात असल्यामुळे त्यांच्या लेखनात भीड शिरते. दोन्हीकडे फसगत होते ती वाचकाची.

पहिल्या दोषाचे ठळक उदाहरण जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत घडले. ‘मास इफेक्ट’ या अंतराळकथेवरील गेममध्ये उघड लैंगिक दृश्ये असल्याचा गाजावाजा फॉक्स न्यूज वाहिनीने केला. प्रत्यक्षात दीर्घ खेळातील तो प्रसंग अल्पकाळाचा व सूचक होता, आणि चर्चेत टीका करणाऱ्या लेखिकेने गेम खेळलेला नसल्याचे तिथेच मान्य केले. भारतात २०१७ मध्ये मुंबईसह अनेक ठिकाणच्या किशोरवयीनांचे मृत्यू तपास पूर्ण होण्याआधीच ‘ब्लू व्हेल’ या तथाकथित खेळाच्या माथी मारले गेले. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केले, की तपासलेल्या एकाही घटनेत त्याचा संबंध सिद्ध झाला नाही. अशा सनसनाटीमुळे मुलांच्या दुःखाची खरी कारणे शोधण्याचे निकडीचे काम मात्र मागे पडते.

दुसरा दोष सहजी दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक ठरतो. २००७ मध्ये गेमस्पॉट या संकेतस्थळाचे समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ला दहापैकी सहा गुण दिले, तेव्हा त्याच गेमच्या जाहिराती त्या संकेतस्थळावर झळकत होत्या. लवकरच त्यांची नोकरी गेली; संस्थेने या दोन गोष्टींचा संबंध नाकारला, तरी व्यवस्थापनावर प्रकाशक कंपन्यांचा दबाव होता, असे गर्स्टमन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले.

जाहिरातीखेरीज दबावाचे आणखी एक साधन म्हणजे परीक्षणासाठी आगाऊ मिळणारी प्रत. २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’च्या प्रकाशनापूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती देण्यात आली आणि स्वतः चित्रित केलेली दृश्ये दाखवण्यास मनाई करण्यात आली; त्यामुळे जुन्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर गेम किती सदोष चालतो हे ग्राहकांना पैसे मोजल्यावरच कळले, आणि अखेर सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही काळ काढून टाकला. यूट्यूबवरील लोकप्रिय खेळाडूंना पैसे देऊन अनुकूल चित्रफिती करवून घेतल्याबद्दल, आणि तो व्यवहार प्रेक्षकांना पुरेसा स्पष्ट न केल्याबद्दल, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सवर कारवाई केली.

या क्षेत्राची नीती म्हणूनच काही साध्या नियमांवर उभी राहू शकते: गेम खेळल्याविना त्याविषयी मत देऊ नये, कोणत्या यंत्रावर आणि किती वेळ खेळून मत बनवले ते सांगावे, कंपनीने घातलेल्या अटी व दिलेला मोबदला उघड करावा, आणि जाहिरात विभागाला संपादकीय निर्णयात स्थान देऊ नये. मुलांच्या काळजीने बातमी वाचणारे पालक आणि कष्टाचे पैसे खर्चून गेम घेणारे तरुण या दोघांनाही पडताळलेली माहिती मिळण्याचा सारखाच हक्क आहे, आणि तो जपणे हे पत्रकाराचे पहिले कर्तव्य आहे.