देलाक्रवाच्या मोरोक्कोतल्या वह्या

चित्रकाराचे भिंतीवर टांगलेले तैलचित्र म्हणजे आवरून ठेवलेला दिवाणखाना, आणि त्याची रेखाटनवही म्हणजे माजघर. पाहुण्याने तिथे डोकावू नये हे खरे. पण डोकावल्यावाचून घर कळत नाही.

फ्रेंच चित्रकार यूजेन देलाक्रवा १८३२ च्या जानेवारीत मोरोक्कोत उतरला. फ्रान्सने १८३० साली अल्जिअर्स घेतलेले; शेजारच्या सुलतानाची समजूत घालायला काउंट द मोर्ने निघाले होते, आणि सोबतीला हा तेहतीस वर्षांचा चित्रकार. वाटेत गप्पा मारायला म्हणा ना!

त्याच्या लहानलहान वह्यांची पाने पहा. घाईघाईने ओढलेल्या रेषा आणि भोवती बारीक अक्षरांची दाटी. रंगपेटी उघडायला वेळ कुठला? मग सदरा कुठल्या रंगाचा, भिंतीवर ऊन कुठपर्यंत, हे शब्दांतच लिहायचे. सवड मिळाली की जलरंग. म्हणजे हा माणूस निम्मे चित्र लिहूनच काढत होता.

२१ फेब्रुवारीला टँजिअरमध्ये तो एका ज्यू घरच्या लग्नाला गेला. कोण कुठे बसले, नाचणारी कशी उभी राहिली, सारे टिपून घेतले. त्यावरचे मोठे चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागले ते १८४१ साली! पण लग्न ज्यू घरचेच का? मुसलमान घरांचे माजघर परक्या पुरुषाला बंद. दुभाषा ज्यू होता, त्याच्या ओळखीने त्याच्या समाजाची दारे उघडली. वहीत स्त्रिया कुणाच्या आहेत यावरूनही चित्रकाराला कुठवर जाता आले ते कळते.

२२ मार्चला मेकनेस येथे सुलतान मुलाय अब्द अल-रहमान यांची भेट झाली. सुरुवातीच्या कच्च्या चित्रात मोर्ने आणि त्यांची मंडळी आहेत. १८४५ च्या भव्य चित्रात मात्र घोड्यावर सुलतान, वर छत्र, मागे तटाची भिंत. फ्रेंच पाहुणे गायब. मधल्या काळात, १८४४ साली, दोन्ही देशांची लढाई झाली होती. कारण तेच असेल, किंवा गर्दी कमी केल्याने सुलतान अधिक उठून दिसतो एवढेच असेल. मला स्वतःला दोन्ही पटतात. पण कच्चे काम शिल्लक राहिले नसते, तर तिथून कुणाला उठवले आहे असा संशयही आपल्याला आला नसता.

या वह्या त्याने जन्मभर जवळ ठेवल्या. १८६३ त तो वारला आणि पुढच्याच वर्षी त्यांचा लिलाव झाला. काही आता लूव्रमध्ये आहेत, एक शाँतियीच्या संग्रहालयात.