लुगड्यातला तो फोटो माझाच!

मंडळी, गेल्या मार्चमध्ये मेसच्या रांगेत उभा असताना तिघांनी एका सुरात मला 'वहिनी' म्हणून हाक मारली, तेव्हाच ओळखलं की फोटो फिरला. लुगडं, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या आणि ओठांवर जरा जास्तच लाली असलेली ती बाई मीच आहे. फोटो खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावर रात्री दीडच्या सुमारास काढलेला आहे. त्या दिवशी मी 'ताप आला आहे' असा अर्ज देऊन गेलो होतो (सर, सॉरी!). आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही, तर निदान सगळं नीट सांगून टाकावं, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी भूगोल, कारण 'खांडबारा म्हणजे खंडाळ्याजवळ का रे?' असं मला फर्स्ट इयरपासून विचारतात. खांडबारा नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लाइनवर आहे. थोडं पुढे गेलं की नवापूर, जिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. आमच्या घरात मावची बोलतात, बाजारात अहिराणी आणि गुजराती, ऑफिसात मराठी. आणि मी शिकलो कॉन्व्हेंटमध्ये, तिथे फक्त इंग्रजी! वर्गात दुसरी कुठलीही भाषा तोंडातून निघाली की एक रुपया दंड असायचा. हा रुपया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर माझा मामा सोंगाड्या पार्टी चालवतो. 'सोंगाड्या' म्हटलं की तुम्हाला दादा कोंडक्यांचा १९७१ चा सिनेमा आठवणार. तमाशात सोंगाड्या हे एक पात्र असतं, हसवणारं. आमच्याकडे अख्खी पार्टीच सोंगाड्या! लग्नात, जत्रेत, होळीच्या दिवसांत पार्टीला बोलावणं येतं. जेवणं आटोपली की सुरू होतं ते पहाटेपर्यंत. नाच, गाणं आणि मधे मधे नाटक. बायकांची कामं पुरुषच करतात. टीव्हीवर काठीच्या होळीत मोरपिसांचे टोप घातलेले आणि अंगावर ठिपके काढलेले बुवा-बाबा तुम्ही पाहिले असतील, पण ते वेगळं. ते नवसाचं असतं. ते लोक त्या काळात पाळणूक पाळतात, खाटेवर झोपतसुद्धा नाहीत. आमचं सोंग म्हणजे चक्क नाटक. लोकांनी हसावं, मधेच रडावं आणि उठून जाऊ नये, एवढाच नवस.

पार्टीत कोणी पगारी नट नाही. मामा शेती करतो, ढोलवाला सायकली दुरुस्त करतो, बाकीचे बरेच जण दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. ते होळीला परत येतात, आणि म्हणून आमचा सीझन तेव्हा सुरू होतो. कोण परत आलं आणि कोण मुकादमाकडे अडकलं, त्यावर नाटकात पात्रं किती ते ठरतं. मला पहिल्यांदा लुगडं मिळालं ते असंच. दोन वर्षांपूर्वी बायकोचं काम करणारा गडी आलाच नाही आणि मला दाढी कमी होती. यजमान बिदागी देतो. पिकअपचं भाडं वजा करून उरलेली सगळ्यांत वाटतात. माझ्या वाट्याला पहिल्या रात्री एकशे ऐंशी रुपये आले. इथून जायला-यायला त्याहून जास्त लागले होते. सरकार १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा घेतं, तिच्या नावात 'हौशी' हा शब्द आहे. मला वाटतं तो शब्द सर्वांत जास्त आमच्या ढोलवाल्याला लागू पडतो.

आता मुख्य गोष्ट. पार्टीकडे स्क्रिप्ट नसतं. संध्याकाळी मामा विडी ओढता ओढता चार-पाच वाक्यांत गोष्ट सांगतो. नवऱ्याने मुकादमाची उचल दारूत उडवली, बायकोला कळलं, सावकार आला, शेवटी हे असं झालं. कोण कशानंतर आत येणार ते ठरतं. बाकी बोलायचं काय ते तिथे उभं राहून. एखादा विनोद पडला की ढोलवाला लगेच ठोका टाकतो आणि नाच सुरू होतो, म्हणजे तो आमचा रीसेट स्विच! प्रेक्षक चारही बाजूंनी बसलेले असतात. पाठ कोणाकडे करायची हा प्रश्नच नाही, कोणाकडे तरी ती असतेच. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थोडं फिरायचं.

आवाजाचं गणित तुम्हाला आवडेल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो. साधं बोलणं एक मीटरवर साठ डेसिबल धरलं, तर सोळा मीटरवर ते छत्तीस उरतं. आता बऱ्याच ठिकाणी माईक असतो, पण जनरेटरने मान टाकली की पुन्हा गळाच. गंमत अशी की मध्यरात्रीनंतर मागच्यांना जास्त चांगलं ऐकू येतं. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते. गार हवेत ध्वनीचा वेग कमी, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. मी हे मामाला मोठ्या ऐटीत समजावलं. तो म्हणाला, 'बारानंतर पोरं झोपतात, म्हणून ऐकू येतं.' दोन्ही कारणं खरी असावीत.

चालणं मला फुईने शिकवलं. फुई म्हणजे आत्या. तिने डोक्यावर भरलेला हंडा ठेवला आणि अंगणात वीस चकरा मारायला लावल्या. 'कंबर हलवू नको, बाई पाणी सांडत नाही,' म्हणाली. सिनेमातल्या नकलेपेक्षा हे फार अवघड आहे, करून बघा.

पण माझी पहिली रात्र वाया गेली. मी हुशारी करून वहीत संवाद लिहून पाठ केले होते. समोरच्या गड्याने, म्हणजे माझ्या दारुड्या नवऱ्याने, भलतंच काहीतरी विचारलं. आणि मी थिजलो. ओरल्समध्ये होतं तसं नाही, त्याहून वाईट. उत्तर डोक्यात आधी इंग्रजीत आलं, मग मी त्याचं मराठी केलं, मग मावची शोधायला लागलो. तोवर दोनशे माणसं गप्प! शेवटी पुढे बसलेल्या एका म्हातारीने माझ्या वतीने नवऱ्याला अशी शिवी हासडली की सगळा पाडा हसला. माझं काम तिने केलं. लुगडं सोडताना मला तो दंडाचा रुपया आठवला. शाळेत मी फार थोडे रुपये भरले होते. म्हणजे किती गप्प बसलो असेन!

नंतर वाचनात हबीब तन्वीर आले. छत्तीसगढच्या नाचा कलावंतांना घेऊन ते नाटक बसवायचे. सुरुवातीला त्यांनी या मंडळींकडून हिंदी बोलून घेतली, हालचालीही आखून दिल्या. गावात रात्र गाजवणारे नट तिथे अवघडले. मग चूक तन्वीरांच्याच लक्षात आली आणि त्यांनी नटांना छत्तीसगढीत मोकळं सोडलं. १९७३ ची रायपूरची कार्यशाळा त्यात महत्त्वाची मानतात. १९७५ चं 'चरणदास चोर' त्यानंतरचं, आणि १९८२ मध्ये त्याला एडिंबरोत फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. ते वाचून मी वही ठेवून दिली. त्या उन्हाळ्यात महिनाभर फुईच्या मागे मागे फिरलो, बाजारात, शेतात, विहिरीवर. ती भांडायची कशी ते ऐकत होतो. (ती रोज भांडते, अभ्यासक्रम भरपूर होता.)

कॉलेजच्या एकांकिकेला मी नावं ठेवत नाही. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि तासाभरात नाटक बसवायची ती शिस्त आमच्या पार्टीला सात जन्मांत जमणार नाही. पण तिथे चुकलो तर विंगेतून प्रॉम्प्टर सावरतो. आमच्याकडे म्हातारी.

फोटो काढला त्या रात्री नवऱ्याने पुन्हा भलतंच विचारलं. या वेळी मी काय बोललो ते मला स्वतःलाच आठवत नाही, आणि इथे छापण्यासारखंही नसावं. मागच्या बाजूने फुईच्या हसण्याचा आवाज आला एवढं पक्कं आठवतं.

पुढची होळी नेहमीप्रमाणे सबमिशनच्या तोंडावर येईल. 'वहिनी' म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघं येतो म्हणालेत. पॅसेंजर खांडबाऱ्याला थांबते. येताना पांघरूण आणा, पहाटे गार पडतं.