पेज टेबलमधील नोंद व तिची जुनी प्रत

पेज टेबलचे काम आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील प्राध्यापकांना सातबाऱ्यावरून चटकन उमगेल. एक्स८६-६४ संगणकात त्यातील प्रत्येक नोंद ८ बाइटची असते. साधारणतः ४ किलोबाइटचे पृष्ठ स्मृतीत कोठे आहे व त्यावर लिहिण्यास मुभा आहे काय, हे ती सांगते. मात्र प्रोसेसर वेगासाठी अशा नोंदींची प्रत टीएलबी या छोट्या साठ्यात ठेवतो. कर्नलने नोंद बदलली तरी ती प्रत आपोआप बदलत नाही. फेरफार मंजूर झाल्यावरही जुन्या उताऱ्यावर व्यवहार व्हावा, तसाच हा प्रकार! म्हणून कर्नल प्रथम नोंद बदलतो, नंतर सर्व संबंधित प्रोसेसरांवरील प्रत रद्द करवितो आणि मगच ते पृष्ठ दुसऱ्या प्रक्रियेस देतो. अध्यापनात नोंदीच्या आराखड्यापेक्षा या क्रमास अधिक वेळ द्यावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण क्रम चुकल्यास जुन्या प्रक्रियेस नव्या प्रक्रियेची माहिती वाचता येते.